गोरिला बघायला ब्विंडीला पहिल्यांदा जाताय? एवढं सांभाळा

युगांडातल्या ब्विंडीच्या जंगलाचं परमिट मिळालं, अभिनंदन! कॅमेऱ्याच्या लेन्सचं नंतर बघू.

सगळ्यात आधी तब्येत. सर्दी, खोकला, ताप असेल तर जाऊ नका, मग कितीही पैसे गेले तरी. आपली साधी सर्दी गोरिलांना मारू शकते. जगात पर्वतीय गोरिला जेमतेम हजाराच्या वर आहेत. म्हणूनच मास्क, 10 मीटरचं अंतर, आठ जणांचा गट आणि एकच तास, हे नियम मनापासून पाळा.

पिल्लू स्वतःहून जवळ आलं की नवखे हमखास हात पुढे करतात. तसं करू नका, हळूच मागे सरका. चांदीपाठ्या, म्हणजे पाठीवर रुपेरी केस असलेला मोठा नर छाती बडवत अंगावर धावून आला तर पळायचं नाही. खाली बसा, नजर खाली ठेवा, गाईड सांगेल तसं करा. बहुतेक वेळा तो नुसता दम देत असतो.

सामान थोडंच:
- चांगली पकड असलेले बूट, पॅन्ट मोज्यात खोचलेली
- जाड हातमोजे, कारण तिथल्या काही झुडपांना हात लागला की आग होते
- रेनकोट, पाणी
- फ्लॅश बंद केलेला कॅमेरा

पोर्टर जरूर घ्या. चिखलाच्या चढावर त्याचा हात लागतोच, शिवाय गावात चार पैसे जातात. आणि हो, पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी घ्या. भारतात परततानाही तो दाखला विचारतात.