चेंबरचं पॅकिंग नवं टाकलं, तरी तेल गळतंय

तुमचा प्रश्न असा: ऑइल चेंबरचं (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचं) पॅकिंग नवीन टाकलं, दोनच दिवसांत गाडीखाली परत तेलाचे डाग, आता बोल्ट अजून थोडे आवळू का?

कृपा करून आवळू नका. चेंबरचे बोल्ट बहुतेक छोट्या गाड्यांत ६ मिलिमीटरचे असतात आणि त्यांना साधारण ८ ते ११ न्यूटन-मीटर एवढाच टॉर्क (आवळण्याचा जोर) लागतो. दहाच्या पान्यावर जरा जोर दिला की तो सहज दुप्पट होतो. मग कॉर्कचं पॅकिंग चिरतं, रबराचं बाहेर सरकतं, पत्र्याच्या चेंबरची कड बोल्टाभोवती वर ओढली जाते आणि दोन बोल्टांच्या मधे फट पडते. गळती तिथूनच वाढते.

आधी तेल चेंबरचंच आहे ना, हे पक्कं करा. तेल वरून ओघळतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे पसरतं, म्हणून सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला भाग शोधायचा. टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग, ऑइल प्रेशर स्विच, ड्रेन बोल्टचं वॉशर, ऑइल फिल्टर हे सगळे संशयित. फिल्टर काढताना जुनी रबरी रिंग कधी कधी इंजिनालाच चिकटून राहते आणि नवा फिल्टर तिच्यावरच बसतो, तेही बघा. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून थेंब पडत असेल तर क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं सील तपासायला हवं. शिवाय काम करताना सांडलेलं तेल क्रॉसमेंबरवर (इंजिनाखालच्या आडव्या पट्टीवर) साचून एक-दोन दिवस ठिबकत राहतं, त्यामुळे खालचा भाग ब्रेक क्लीनरने धुऊन, सुकवून, त्यावर साधी टाल्कम पावडर मारा. इंजिन गरम होईपर्यंत चालवा आणि पावडर पहिल्यांदा कुठे ओली होते ते टॉर्चच्या उजेडात बघा. पीसीव्ही व्हॉल्व्हही (इंजिनात साचणारा वायू बाहेर सोडणारी झडप) याच वेळी तपासा. तो तुंबला असेल तर क्रँककेसमधला (इंजिनाच्या खालच्या पोकळीतला) दाब तेलाला जिथे वाट मिळेल तिथून बाहेर ढकलतो आणि नवं पॅकिंगही टिकत नाही.

चेंबरच गळत असेल तर तो परत उतरवावा लागेल, वरून सिलिकॉन फासून भागत नाही. गाडी जॅकवर नव्हे, स्टँडवर घ्या. खरं काम पृष्ठभागाचं आहे. जुनं पॅकिंग आणि सिलिकॉन प्लास्टिकच्या स्क्रेपरने काढा. ग्राइंडरची एमरी चकती लावू नका, तिची बारीक धूळ तेलातून बेअरिंगपर्यंत जाते. पत्र्याच्या चेंबरच्या कडेवर सरळ पट्टी ठेवली की बोल्टांच्या भोकांजवळचे उंचवटे लगेच दिसतात. कड लाकडी ठोकळ्यावर टेकवून ते हलक्या हातोडीने बसवा. ॲल्युमिनियमचा चेंबर असा ठोकायचा नाही, वाकला असेल तर बदलायचा. ब्लॉकमधली (इंजिनाच्या मुख्य सांगाड्यातली) बोल्टांची बंद भोकं कोरडी करा. आत तेल राहिलं तर बोल्ट तेलावरच अडतो, टॉर्क पाना ठरलेला जोर आल्याचं समजून टक्क करतो आणि पॅकिंग मात्र दाबलं गेलेलंच नसतं. ब्लॉकमधून तेल बराच वेळ निथळत असतं, म्हणून शेवटचं पुसणं चेंबर चढवायच्या अगदी आधी करा. पांढरं फडकं पांढरंच राहिलं पाहिजे.

साच्यातलं रबरी पॅकिंग कोरडंच बसवा. सिलिकॉनचा ठिपका फक्त टायमिंग कव्हर (इंजिनाच्या बाजूचं टायमिंग चेनवरचं झाकण) आणि मागच्या सीलचं हाउसिंग जिथे ब्लॉकला मिळतं, त्या कोपऱ्यांवर. सगळीकडे फासलं की रबर घसरतं. अनेक जपानी बनावटीच्या इंजिनांत मात्र पॅकिंगच नसतं, नुसतं सिलिकॉन असतं. तिथे साधारण ३ मिलिमीटर जाडीची न तुटलेली रेघ भोकांच्या आतल्या बाजूने ओढा आणि ५ मिनिटांच्या आत चेंबर सरळ वर चढवा, सरकवू नका. जास्तीचं सिलिकॉन आत सुटून स्ट्रेनरमध्ये (तेल ओढणाऱ्या नळीच्या जाळीत) अडकलं तर तेलाचा दाब पडतो, आणि ते गळतीपेक्षा फार महागात जातं.

सगळे बोल्ट आधी हाताने लावा, मग मधून कडांकडे दोन फेऱ्यांत टॉर्क द्या. कॉर्क असेल तर इंजिन एकदा तापून थंड झाल्यावर त्याच टॉर्कवर पुन्हा तपासा. सिलिकॉनचा सांधा सुकल्यावर मात्र परत आवळायचा नाही, पकड तुटते. तेल कधी भरायचं ते ट्यूबवर लिहिलेलं असतं, जमलं तर २४ तास थांबा. पहिल्यांदा चालू केल्यावर तेलाचा लाल दिवा काही सेकंदांत विझला नाही, तर इंजिन ताबडतोब बंद करा आणि आधी तेलाची पातळी, मग स्ट्रेनर बघा.