जुनी डिलोरियन घ्यावी का? पार्ट मिळतात का, आणि गरम झाल्यावर परत चालू का होत नाही?

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीत एक १९८१ ची डिलोरियन (ती स्टेनलेसच्या पत्र्याची, वर उघडणाऱ्या दारांची गाडी) विकायला आहे, पाच गिअरवाली मॅन्युअल, गरम झाल्यावर बंद केली की परत लवकर चालू होत नाही पण विकणारा म्हणतोय ट्यूनअप केला की झालं, आणि तुमची खरी भीती ही की कंपनी बुडून चाळीस वर्षं झाली तर पार्ट आणायचे कुठून. मी टेक्सासमध्ये राहतो, माझ्याकडे ही गाडी आहे आणि बरीचशी कामं मी स्वतःच करतो, म्हणून लिहितोय. मेकॅनिक नाहीये मी, हे आधीच सांगतो.

पार्टची भीती डोक्यातून काढा. भीती बाळगायची ती पत्र्याची आणि चासीची. लोक नेमकं उलटं करतात, इंजिनचा आवाज ऐकून गाडी घेतात आणि खाली वाकून बघतच नाहीत.

पार्ट का मिळतात ते सांगतो. गाडी बनली उत्तर आयर्लंडमध्ये, बेलफास्टजवळ डनमरीला, १९८१ आणि ८२ अशी जेमतेम दोन वर्षं, साधारण ९,००० गाड्या. कंपनी बुडाली तेव्हा गोदामं भरलेली होती, कारण पार्ट कितीतरी जास्त गाड्यांच्या हिशोबाने मागवलेले होते. तो सगळा माल ओहायोतल्या कोलंबसच्या एका कंपनीने उचलला आणि पुढे नव्वदच्या दशकाच्या शेवटी तो ह्यूस्टनजवळच्या हंबल गावात आला, आजही तिथून जातो. त्यामुळे एखादं चिल्लर रबर किंवा स्विच मागवलं तर कधी कधी त्या काळातल्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून येतं. जे संपलं त्यातलं बरंच काही नव्याने बनवतात आणि काही तर मूळपेक्षा चांगलं बनवतात, उदाहरणार्थ कूलंटची प्लास्टिकची बाटली, मूळची हमखास तडकते, आता स्टेनलेसची मिळते, ती डोळे झाकून बदला.

दुसरं म्हणजे या गाडीत डिलोरियनचं स्वतःचं असं यंत्र फारसं नाहीच. चासी आणि सस्पेन्शनचं काम लोटसने केलं. इंजिन पीआरव्ही व्ही-सिक्स, २,८४९ सीसी, म्हणजे पेजो, रेनॉ आणि वोल्वो या तिघांनी मिळून काढलेलं, तेच इंजिन वोल्वोच्या २६० सिरीजमध्ये आणि ७६० मध्ये इथे अमेरिकेत भरपूर विकलं गेलं. फ्यूएल इंजेक्शन बॉशचं के-जेट्रॉनिक, त्या काळच्या बऱ्याच युरोपियन गाड्यांत तेच. बरंचसं इलेक्ट्रिकल लुकासचं. पुण्यात कसं, नाना पेठेत जुना पार्ट हातात धरून गेलं की दुकानदार नुसता बघून सांगतो कुठल्या गाडीचा आहे ते, इथे काउंटरवरचं पोरगं कॉम्प्युटरमध्ये मेक, मॉडेल, वर्ष टाकतं आणि डिलोरियन म्हटलं की एक तर सेल्फी मागतं नाहीतर "नॉट इन सिस्टिम" म्हणतं. तिथे डिलोरियन म्हणायचंच नाही. १९८१ ची वोल्वो, व्ही-सिक्स, असं म्हणायचं आणि डिस्ट्रिब्यूटर कॅप, रोटर, थर्मोस्टॅट असलं सामान घेऊन यायचं. फक्त हे इंजिन ऑड-फायर आहे, म्हणजे सिलिंडरमधल्या ठिणग्या सारख्या अंतराने पडत नाहीत, नंतरच्या वर्षांत ते ईव्हन-फायर केलं, त्या नंतरच्या इंजिनची इग्निशनची वस्तू उचलून आणू नका, वर्ष बघूनच घ्या. आणि जो पार्ट जमेल तो बॉशच्या नंबरावरून शोधा, गाडीच्या नावावरून नाही, गाडीचं नाव लागलं की किंमत आपोआप चढते.

आता तुमचा गरम झाल्यावरचा प्रॉब्लेम. हा ट्यूनअपने जात नाही. के-जेट्रॉनिकमध्ये पेट्रोल सतत प्रेशरखाली असतं, सिस्टिम प्रेशर पाच बारच्या आसपास, आणि गाडी बंद केल्यावरसुद्धा थोडं प्रेशर लाईनमध्ये टिकून राहायला पाहिजे. इंजिन मागे, कोंदट जागेत, बंद केल्यावर उष्णता अजून वर चढते, प्रेशर नसेल तर लाईनमधलं पेट्रोल उकळून वाफ होते आणि मग तुम्ही सेल मारत बसा, वाफेवर गाडी कशी चालू होणार. बराच वेळ थांबलात की गार होऊन चालू होते, म्हणून लोकांना वाटतं किरकोळ आहे. प्रेशर टिकवायचं काम दोघांचं, एक पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप) आणि दुसरा अ‍ॅक्युम्युलेटर, म्हणजे एक डबा ज्यात स्प्रिंग आणि पडदा असतो. बहुतेक वेळा पडदाच फाटलेला असतो. तपासायला सोपं, अ‍ॅक्युम्युलेटरच्या मागून एक बारीक रिटर्नची नळी निघते ती काढून बघायची, तिथून पेट्रोल गळलं तर पडदा गेला, संपला विषय. बदलायला मात्र अजिबात सोपं नाही, चासीच्या आत गिअरबॉक्सजवळ अशा जागी बसवलाय की हात जातो तर पाना जात नाही आणि पाना गेला तर दिसत नाही. म्हणूनच गॅरेजवाले तो सोडून बाकी सगळं बदलतात. हे काम गरम इंजिनवर करू नका आणि शेजारी अग्निशामक सिलिंडर ठेवा, यात चेष्टा नको.

बाजारात एक हॉट-स्टार्ट रिले मिळतो, तो गरम गाडीला सेल मारताना कोल्ड-स्टार्ट व्हॉल्व्हमधून (गार इंजिन चालू करायला असतो तो जादा इंजेक्टर) थोडं जास्तीचं पेट्रोल फवारतो, गाडी चालू होते हे खरं. पण गळती तशीच राहते. या गाडीवर तो लावलेला असेल तर विकणाऱ्याला आजार माहीत होता असं समजा.

के-जेट्रॉनिकची गाडी घेणार असाल तर पहिली खरेदी प्रेशर गेज. फ्यूएल डिस्ट्रिब्यूटर (इंजेक्टरना पेट्रोल वाटून देणारा भाग) आणि वॉर्म-अप रेग्युलेटर (इंजिन गार आहे की गरम त्याप्रमाणे पेट्रोल कमी-जास्त करणारा) यांच्या मध्ये ते बसतं, त्याला एक कॉक असतो, कॉक बंद केला की सिस्टिम प्रेशर दिसतं, उघडला की कंट्रोल प्रेशर, म्हणजे तो रेग्युलेटर ठरवतो ते, आणि गाडी बंद केली की काटा किती वेळ टिकतो ते दिसतं. एवढ्या तीन गोष्टींवर निम्मे रोग ओळखता येतात. माझ्याकडे गाडी आली तेव्हा आधीच्या मालकाच्या बिलांची फाईल होती, त्यात एका गॅरेजने इंजेक्टर बदललेत, प्लग बदललेत, पंप बदललाय, फ्यूएल डिस्ट्रिब्यूटर रिबिल्ड करून आणलाय, आणि गेज लावल्याची नोंद कुठेच नाही. शेवटी वॉर्म-अप रेग्युलेटर गेलेला निघाला. दुर्मिळ गाडीत पार्ट महाग असतात असं लोक म्हणतात, पण माझ्या मते पैसा पार्टमध्ये जात नाही, अंदाजाने बदललेल्या पार्टमध्ये जातो.

गाडी बरीच वर्षं उभी असेल ("लावली तेव्हा चालू होती" हे वाक्य ऐकलं की सावध व्हा) तर टाकीतलं पेट्रोल सडून चिकट होतं आणि फ्यूएल डिस्ट्रिब्यूटरचा प्लंजर अडकतो, टाकीतला पिकअपचा पाईप मऊ पडून आत चेपतो, मग गाडी चालता चालता पेट्रोलविना गुदमरते आणि सगळे इग्निशन शोधत बसतात. पेट्रोलच्या सगळ्या रबरी पायपा आधी बदला, कितीही चांगल्या दिसू देत.

आता ज्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवेन ती जागा. इंजिनच्या सिलिंडरच्या दोन रांगांच्या मध्ये, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली एक दरी आहे, पीआरव्हीवाले तिला व्हॅली ऑफ डेथ म्हणतात आणि नाव उगाच पडलेलं नाही. वॉटर पंप तिथेच, होसपाईप तिथेच, त्यातलं काहीही थोडं झिरपलं तरी कूलंट वर दिसत नाही, खाली त्या खोलगटात साचतं. वरून पालापाचोळा पडतो, पाणी निघून जायची भोकं तुंबतात, आणि इंजिनचा ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, तो हळूहळू खात जातो, आधी खड्डे, मग आरपार भोक. मग कूलंट ऑइलमध्ये. टॉर्च घेऊन, आणि शक्य असेल तर फोनला लावायचा तो सापासारखा कॅमेरा घेऊन आत बघा. माझ्या गाडीत कुजलेली पानं, खारीने आणून ठेवलेली ओकची फळं आणि त्याखाली पांढऱ्या-हिरव्या पापुद्र्याचा थर होता, खरवडल्यावर खाली धातू शाबूत निघाला म्हणून वाचलो. कोरडा जुना पापुद्रा असेल तर बोलणी होऊ शकतात. ओलं असेल आणि विकणारा "कूलंट थोडं कमी होतं" म्हणत असेल तर मी तरी घेणार नाही. आणि वॉटर पंप बदलायचा म्हणजे इनटेक खोलावाच लागतो, म्हणून एकदा खोललं की पंप, सगळे होसपाईप, गॅस्केट एकाच वेळी उरकायचं.

चासी. वरचं स्टेनलेस दिसतं म्हणून गाडीला गंज नाही असं समजू नका. स्टेनलेस नुसती कातडी आहे, खाली फायबरग्लास आणि त्याखाली साध्या स्टीलची चासी, वर इपॉक्सीचा थर. थराला तडा गेला की पाणी आत शिरतं आणि बाहेरून छान राखाडी रंग दिसत असताना आत पोखरतं. तुमच्याकडे बर्फात रस्त्यावर मीठ टाकतात म्हणून जास्तच बघा. पुढची डावी बाजू, ब्रेक मास्टर सिलिंडरच्या खाली, तिथे ब्रेक ऑइल गळून इपॉक्सी उडालेला असतो. बोटाने दाबा, स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने ठोका, फुगलेला थर बद्द वाजतो. मागच्या ट्रेलिंग आर्मचे (मागचं चाक चासीला धरून ठेवणारा दांडा) बोल्ट तर घेतल्यावर लगेच बदलायचे, ते बुशमध्ये गंजतात, वाकतात, आणि तुटला तर मागचं चाक आपल्या मर्जीने वळतं.

पत्रा ३०४ ग्रेडचं स्टेनलेस, रंग नाही. ओरखडे असतील तर घाबरू नका, स्कॉच-ब्राईट घेऊन ज्या दिशेला रेघा आहेत त्याच दिशेने घासलं की जातात. पोचा मात्र वाईट, कारण आपल्याकडे डेंटिंगवाला लांबी भरून रंग मारतो तसं इथे झाकताच येत नाही, धातूच परत जागेवर आणावा लागतो आणि ते येणारे कारागीर फार थोडे. आणि काही पत्रे, विशेषतः पुढचा डावा फेंडर, मिळणं अवघड. पत्रे ठोकायचे साचे कारखाना बंद झाल्यावर भंगारात गेले आणि त्यातले काही आयर्लंडच्या पश्चिमेला गॉलवेकडे मासे पाळणाऱ्यांनी जाळ्यांचे नांगर म्हणून समुद्रात टाकले. आता बोला. तेव्हा चारही कोपरे उन्हात नीट बघा, डावा पुढचा दोनदा.

दारांचं सगळे विचारतात. वर उघडणारं दार जो टॉर्शन बार उचलतो तो ग्रुमनने, म्हणजे विमानं बनवणाऱ्या कंपनीने बनवलाय, अतिथंड करून पीळ भरलेला, तो सहसा जात नाही. दार खाली येत असेल तर बहुतेक गॅसचे स्ट्रट गेलेत, ते स्वस्त आणि सहज बसतात. बारला कोणालाही हात लावू देऊ नका, त्यात साठलेला जोर हात मोडण्याइतका असतो.

इलेक्ट्रिकलचं थोडक्यात. बॉडी फायबरची असल्यामुळे अर्थिंग वायरनेच चासीपर्यंत जातं, त्यामुळे निम्मे भुताटकीचे प्रकार म्हणजे गंजलेलं किंवा लूज अर्थिंग, आधी तेच साफ करा. फ्यूज आणि रिले सीटच्या मागे आहेत, तिथे रेडिएटर फॅनच्या रिलेचं सॉकेट वितळून तपकिरी झालंय का बघा, फॅन करंट भरपूर ओढतात. सुरुवातीच्या गाड्यांत अल्टरनेटर ड्यूसेलिए नावाचा होता, तो कमी पडायचा, बहुतेकांनी बदललेला असतो. ऑटोमॅटिक असती तर मी जपून म्हटलं असतं, त्याचा गव्हर्नर (गिअर कधी बदलायचा ते ठरवणारा भाग) डोकेदुखी आहे, पण तुमची मॅन्युअल आहे, बरंच झालं.

बघायला जाल तेव्हा आधीच सांगून ठेवा की गाडी गरम करून ठेवू नका. गार गाडीवर तुमच्यासमोर सेल मारू दे, मग वीसेक मिनिटं चालवा, ट्रॅफिकमध्ये उभी करून दोन्ही फॅन लागतात का बघा, मग बंद करून अर्धा-पाऊण तास चासी आणि ती व्हॅली बघत बसा आणि परत सेल मारा. चालू झाली नाही आणि बाकी सगळं कोरडं, घट्ट असेल तर अ‍ॅक्युम्युलेटर, पायपा आणि मजुरी धरून किंमत खाली पाडा आणि घ्या. व्हॅलीचे आणि ब्रेक सिलिंडरच्या खालच्या चासीचे फोटो इथे कमेंटमध्ये टाकलेत तर बघून सांगतो.