हौशी कयाकिंग ग्रुपच्या स्पर्धांची रचना कशी बदलावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात पंचवीस-तीस जणांचा कयाकिंगचा, म्हणजे दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्याने छोटी अरुंद बोट वल्हवण्याचा, ग्रुप आहे, वर्षातून एकदा स्पर्धा होते, तेच तिघे जिंकतात आणि नवे लोक पुढच्या वर्षी फिरकत नाहीत. मग वयोगट पाडावेत, की ऑलिंपिकसारखी २००, ५००, १००० मीटरची अंतरं ठेवावीत?

माझं मत विचाराल तर दोन्ही नको. शर्यतीला कोणाला किती वेळ लागतो, त्यावरून गट पाडा.

आपल्याकडे जत्रेतल्या फडात जोड लावतात ना, तसंच हे. पंच पोराचा जन्मदाखला मागत नाहीत. अंग बघतात आणि तोलामोलाचा गडी समोर उभा करतात. त्यामुळे रेवड्यांवरची कुस्तीसुद्धा लोक मान उंचावून बघतात, कारण कोण चीत होणार हे आधी ठाऊक नसतं. तुमच्या स्पर्धेचा निकाल बहुतेक सगळ्यांना आदल्या रात्रीच ठाऊक असतो.

मी स्वतः हीच चूक तीन वर्षं केली. हिप्परग्याच्या तलावावर आम्ही वर्षाला एक खुली शर्यत घ्यायचो. पहिल्या वर्षी २७ नावं आली, तिसऱ्या वर्षी ९. वयोगटही करून पाहिले. चाळिशीपुढच्या गटात तिघे होते, तिघांनाही पदक मिळालं, आणि त्यातल्या एकाने ते घरी दाखवलंच नाही म्हणे.

ब्रिटनमधल्या कयाक मॅरेथॉनची पद्धत मला यातून वाट दाखवणारी वाटली. तिथे एकट्याच्या बोटीचे नऊ विभाग असतात. खालचे तीन विभाग ४ मैलांच्या आसपास वल्हवतात, मधले ८, वरचे १२. वेळ चांगली आली की माणूस वर चढतो, मग तो पंधराचा असो की साठीचा. आणि खालच्या विभागात पहिला आलेलाही आपल्या क्लबला गुण मिळवून देतो.

आपल्याला नऊ विभाग नकोत, तीन पुरे. १००० मीटर घ्या, ५०० वर बोयाला वळसा. बोया म्हणजे पाण्याचा २० लिटरचा रिकामा जार, दोरीने धोंड्याला बांधलेला. मात्र घड्याळातली वेळ जशीच्या तशी धरू नका, कारण आपल्याकडे दहाच्या पुढे वारा उठला की त्याच माणसाला मिनिटभर जास्त लागतो. त्या दिवशीच्या पहिल्याशी तुलना करा. तो ७ मिनिटांत आला, तर १० टक्के जास्त म्हणजे ७:४२ पर्यंतचे पहिल्या गटात, २५ टक्के म्हणजे ८:४५ पर्यंतचे दुसऱ्यात, बाकी तिसऱ्यात. पुढच्या शर्यतीत ज्याची वेळ वरच्या गटात बसेल तो वर जाईल. बायकांचा गट सध्या वेगळा करू नका. तिघीच असतील तर पुन्हा तीच तीन पदकांची गंमत होईल.

बोटींचं मात्र सांभाळा. आमच्याकडे एक पिवळी बोट होती, तिच्या बुडाला केसाएवढी चीर. वळसा घेईपर्यंत आत चार-पाच लिटर पाणी साचायचं. ती ज्याच्या वाट्याला येईल तो हरायचा, आणि चिठ्ठ्या टाकताना सगळे तिच्याकडेच बघत असायचे. शेवटी आम्ही दोन सारख्या बोटी निवडल्या आणि गट ठरवायची फेरी सगळ्यांनी त्यातच, एकामागून एक द्यायची असं केलं. वेळ खूप जातो, पण भांडण मिटलं.

ऑलिंपिकचा नाद सोडा. तिथली अंतरं वेगळ्या कारणांनी बदलत असतात. टोकियोत बायकांच्या कनूच्या (एकाच पात्याच्या वल्ह्याने हाकायच्या बोटीच्या) शर्यती पहिल्यांदा आल्या, त्यासाठी पुरुषांच्या काही शर्यती काढल्या. पॅरिसमध्ये तर पुरुषांची २०० मीटर उरलीच नाही. शिवाय शर्यतीची के-१, म्हणजे एकट्याची कयाक, ५.२० मीटर लांब आणि इतकी अरुंद, की नवखा बसताक्षणी पाण्यात. आपल्या प्लॅस्टिकच्या बोटी वेगळ्या जातीच्या.

एका गोष्टीत सूट देऊ नका. पहिल्या शर्यतीआधी प्रत्येकाने लाइफ जॅकेट घालून मुद्दाम बोट उलटवायची, बाहेर यायचं आणि बोट ओढत काठाला आणायची. २०२४ च्या मे महिन्यात उजनी धरणाच्या पाण्यात कुगाव-कळाशीच्या मध्ये वादळात प्रवासी बोट उलटून सहा जण गेले, ते आपल्या जिल्ह्यात कोण विसरलंय? ज्याला हे जमत नाही त्याला नंबर द्यायचा नाही, मग तो अध्यक्षांचा भाचा असला तरी.

बक्षीस म्हणून चषक देऊ नका, कपाटावर धूळ खातात. आम्ही तिन्ही गटांच्या पहिल्याला एकसारखी सोलापुरी चादर देतो. गेल्या मोसमात तिसऱ्या गटात यंत्रमागावर काम करणारे एक काका बोटीच्या नाकाएवढ्या फरकाने पहिले आले. चादर हातात घेतली, उलटी केली, काठ बोटांनी चाचपला आणि म्हणाले, "बरी आहे, पण वीण ढिली."

वर्षातून एकच शर्यत ठेवण्याऐवजी ऑक्टोबर ते फेब्रुवारी महिन्याला एक ठेवा, सकाळी सातला. सगळ्यांचे गुण जोडत जा. जानेवारीत संक्रांतीजवळचा रविवार तेवढा टाळा. सिद्धेश्वराच्या यात्रेचे नंदीध्वज, गड्ड्याची जत्रा, घरी पाहुणे. एकदा आम्ही त्याच रविवारी ठेवली होती, तर घड्याळ घेऊन मी काठावर आणि पाण्यात दोघेच.