झपताल पर्वतीवर पाठ होतो

प्रश्न : ताई, माझी मुलगी सहावीत आहे, एप्रिलमध्ये गांधर्व महाविद्यालयाची 'प्रवेशिका पूर्ण' ही गाण्याची परीक्षा देतेय. गाते छान, पण रागांची माहिती आणि तालाचे बोल पाठ करायला बसवलं की वही समोर आणि लक्ष खिडकीबाहेर. मी विचारते, ती अडखळते, मग माझा आवाज चढतो आणि ती रडायला लागते. मला स्वतःला गाण्यातलं काही कळत नाही. रिव्हिजन कशी घेऊ?
– एक आई, कोथरूड

उत्तर : अहो, तुम्हाला कळत नाही हे तर फारच बरं! आता प्रश्न विचारणं बंद करा आणि तुम्हीच चुका. स्वयंपाक करताना मोठ्यांदा म्हणा, "झपताल, मात्रा बारा, बरोबर ना गं?" (मात्रा म्हणजे तालाचा एकेक ठोका.) बघा कशी आतल्या खोलीतून ओरडत येते, "आई, दहा! बारा एकतालाच्या!" उत्तर द्यायला घाबरणारी मुलं चूक पकडायला मात्र एका पायावर तयार असतात, आणि आईची असेल तर विचारूच नका.

रविवारी पर्वतीवर जा. पायऱ्या १०३ आहेत, एका पायरीला एक मात्रा धरून झपताल म्हणत चढायचं, धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. पहिल्या, तिसऱ्या आणि आठव्या मात्रेला टाळी, सहाव्या मात्रेला खाली, म्हणजे टाळी न देता नुसता हात बाजूला (तालातली खाली हां, पायऱ्या उतरू नका). दहा आवर्तनं, म्हणजे तालाचे दहा फेरे, झाले की तीन पायऱ्या उरतात, म्हणजे माथ्यावर पाय पडतो तो दुसऱ्या टाळीवर. तसा नाही पडला तर मधे कुठेतरी घोळ झालाय, कुठे ते तिलाच शोधू दे. दम उरला असेल तर दुगुन, म्हणजे दुप्पट वेगात एका पायरीला दोन बोल, मग सहाव्या पायरीलाच परत "धी ना" सुरू होतं. मी लहानपणी दुगुनची व्याख्या घडाघडा म्हणायचे आणि परीक्षकांनी "हातावर करून दाखव" म्हटल्यावर पार थिजले होते, म्हणून हे पायऱ्यांचं खूळ.

वादी-संवादी, म्हणजे रागातला सर्वांत महत्त्वाचा स्वर आणि त्याच्या खालोखालचा, नुसते पाठ करून टिकत नाहीत, ते कानाने लागतात. भूप आणि देशकार हे राग घ्या, दोघांत सा रे ग प ध हेच पाच स्वर. पण भूपात वादी ग आणि संवादी ध, देशकारात बरोब्बर उलटं. देशकार तिला परीक्षेला नसला तरी मोबाईलवर दोन्ही दोन-दोन मिनिटं लावा आणि गाणारा सारखा कुठे येऊन थांबतोय एवढंच ओळखायला सांगा. पहिल्या दिवशी चुकेल, चुकू दे.

स्वरलिपीला, म्हणजे गाणं स्वर-तालासकट लिहून काढायला, मात्र वही लागतेच, तिथे माझ्याकडेही काही युक्ती नाही. रोज दोन ओळी, त्याही क्लासमधल्या बंदिशीच्याच, आणि त्या वेळी तुम्ही शेजारी बसू नका.