संत बेसिल कोण होते आणि त्यांची शिकवण नेमकी काय होती?

बेसिल हे ख्रिस्ती संत, आजच्या तुर्कस्तानातल्या कायसेरीचे, तेव्हा त्या शहराला सीझरिया म्हणायचे. जन्म साधारण इ.स. ३३० चा, घरचे श्रीमंत, शिक्षण अथेन्सला. शिकून आले ते वक्तृत्वाचा चांगलाच गर्व घेऊन, पण मोठी बहीण मॅक्रिना हिने त्यांना ताळ्यावर आणलं. मग ते साधं, व्रतस्थ आयुष्य जगायला लागले आणि ३७० मध्ये बिशप, म्हणजे तिथल्या चर्चचे प्रमुख, झाले.

पण मला ते सगळ्यात जास्त भिडतात ते दुष्काळामुळे. ३६९ च्या सुमारास तिकडे भयंकर दुष्काळ पडला, व्यापारी धान्य दाबून बसले, तेव्हा बेसिलनी प्रवचनांतून श्रीमंतांना तोंडावर सुनावलं की तुमच्या घरात पडून असलेली भाकरी भुकेल्याची आहे, पेटीतला कपडा उघड्याचा आहे, म्हणजे न देणं ही नुसती कंजुषी नाही तर सरळ चोरीच आहे. आणि नुसतं बोलले नाहीत, स्वतः लोकांना जेवू घातलं, पुढे शहराबाहेर आजारी, गरीब आणि कुष्ठरोग्यांसाठी मोठी वसाहत उभारली, तिला लोक बॅसिलियाड म्हणायला लागले.

३७९ च्या सुमारास गेले, पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. कॅथलिक चर्चमध्ये त्यांचा सण २ जानेवारीला असतो, ग्रीक ऑर्थोडॉक्स लोकांत १ जानेवारीला.