कोरोनात घरगुती डबेवाले आणि ठेलेवाले स्वच्छता खरंच पाळत होते का? आता घरून डबा सुरू करायचा तर काय लागतं?

पाळत होते, पण बरेच जण नको तिथे. मी इंदूरला रामबागेत राहते. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोना कर्फ्यूत, घरी विलगीकरणात असलेल्यांना रोज चाळीस डबे देत होते. स्वयंपाक माझा, पोहोचवणं धाकट्या दिरांकडे.

भावोजींनी पहिल्याच दिवशी हातमोज्यांचा खोका आणला. "वहिनी, लोक हेच बघतात." मी म्हटलं, साबणाने हात धुवा, पुरे आहे. त्यावरून जी जुंपली ती अजून मिटलेली नाही. एका दुपारी ते स्कूटरमध्ये पेट्रोल भरून आले आणि तसेच पोळ्या मोजायला बसले. मोज्याच्या अंगठ्यावर टाकीच्या झाकणाचा काळा डाग, आणि तोच डाग वरच्या पोळीवर उमटलेला. उघड्या हाताला चिकट लागलं की माणूस उठून हात धुतो. मोज्यात कळतच नाही. ती चळत मी बाजूला काढली, पुन्हा कणीक भिजवली. डबे उशिरा गेले आणि बोलणी मात्र मलाच बसली!

सगळ्यांना धास्ती विषाणूची. जेवणातून कोरोना पसरतो याला पुरावा नव्हताच, आणि भाताकडे कोणी बघत नव्हतं. बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू भात शिजला तरी टिकतात आणि भात कोमट राहिला की वाढायला लागतात. ५ ते ६० अंशांच्या मधे शिजलेलं अन्न दोन तासांच्या वर ठेवू नये. म्हणून मी भात शेवटी लावायचे आणि वाफाळता भरायचे.

ठेलेवाल्यांना सरसकट नावं ठेवू नका. आमच्या इंदूरच्या 'छप्पन दुकान' या खाऊगल्लीला २०१९ मध्ये 'क्लीन स्ट्रीट फूड हब'चा दर्जा मिळाला, पण ती पक्की दुकानं, त्यांना नळ आहे. गल्लीतल्या पाणीपुरीवाल्याकडे सकाळी भरून आणलेलं पाणी दिवसभर पुरवायचं असतं. आधी त्याला पाणी द्या, मग नियम विचारा.

तुमचं म्हणाल तर घरगुती असलं तरी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागतेच. मी केली तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला नुसती नोंदणी पुरायची, फी वर्षाला १०० रुपये. आताचे आकडे बघून घ्या.

हातमोजे अगदीच टाकाऊ नाहीत हं, बोट कापलं असेल तर घालाच. पण डबा भरणाऱ्याने पैसे, फोन, किल्ली, कशालाही हात लावायचा नाही. घरातलंच कोणी डबे पोहोचवणार असेल तर हे पहिल्या दिवशीच ठरवून टाका, मागाहून ऐकत नाहीत.