टॅक्सीवर नवा आहेस? आधी एवढे शब्द पक्के कर

इंग्रजी येत नाही म्हणून बिचकू नकोस. मोपा विमानतळावरून परदेशी पाहुणे नेताना दहा-बारा शब्दांत तुझं भागतं. व्याकरण राहू दे.

पहिली गफलत सामान ठेवतानाच होते. आपली 'डिकी' त्यांना कळत नाही. ब्रिटिशाला 'बूट' म्हण, अमेरिकनाला 'ट्रंक'. 'स्टेपनी'चंही तेच; 'स्पेअर टायर' मात्र दोघांनाही समजतं.

- अमेरिकन 'गॅस' म्हणतो ते पेट्रोलला.
- 'पुल ओव्हर' म्हणजे गाडी कडेला घेऊन थांबव. 'ओव्हर' ऐकून ओव्हरटेक करायला जाऊ नकोस!
- 'लेफ्ट?' विचारलं तर 'राइट' म्हणून होकार देऊ नकोस, 'येस, लेफ्ट' म्हण. म्हापशाच्या गर्दीत हे फार सांभाळ.

बॉनेट-हूड वगैरे नंतर बघू.